वाद्याचे रूप आणि वादकाचे मोल

हैदराबाद शहराने अवघ्या नऊ महिन्यांच्या अंतराने संगीताची दोन चित्रे देशापुढे ठेवली. २०२४ च्या मे महिन्यात शहराच्या सीमेवरील तुर्कयमजाल येथे एका बांधकामावर रोजंदारीने राबणाऱ्या वृद्धाचे छायाचित्र सर्वत्र प्रसिद्ध झाले. तो वृद्ध म्हणजे दर्शनम् मोगुलय्या. बारा पायऱ्यांची किन्नेरा वाजविणारा, २०२२ साली ‘पद्मश्री’ने गौरविला गेलेला तेलंगणाचा लोककलावंत. २ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच शहरालगतच्या रामोजी फिल्म सिटीत एड शीरन या इंग्रज गायकाचा कार्यक्रम झाला. हाती एक गिटार आणि पायाशी विजेची काही यंत्रे, एवढ्या सामग्रीवर या गायकाने अफाट जनसमुदाय खिळवून ठेवला. एका चित्राकडे पाहून हळहळणारे आणि दुसऱ्याकडे पाहून हरखणारे लोक बव्हंशी एकच होते, हे या प्रकरणातील खरे मर्म आहे.

शीरन यांच्या श्रोत्यांचा आम्हांस मुळीच मत्सर वाटत नाही. गाणे ऐकण्यासाठी तरुणांनी पदरचे पैसे मोडावेत, उन्हातान्हात रांगा लावाव्यात, ही समाजाच्या जिवंतपणाचीच खूण होय. आमचा प्रश्न निराळा आहे. वाद्य आपले की परके, थोर की उथळ, हे आपण कशावरून ठरवितो? त्याच्या नादावरून, की त्याच्या आकारावरून आणि ते वाजविणाऱ्याच्या केशभूषेवरून? वडीलधाऱ्यांच्या लेखी विजेची गिटार म्हणजे धांगडधिंगा. तिचे ते चमत्कारिक आकार, ती शिंगे, ते बाण, ते भडक रंग म्हणजे संगीताची विटंबना. तरुणांच्या लेखी किन्नेरा, किंगरी, घुमट ही वस्तुसंग्रहालयात मांडून ठेवण्याची चीज. दोघेही आपापल्या जागी ठाम आहेत आणि दोघांनीही निवाडा कानांनी न करता डोळ्यांनी केला आहे. चोखामेळ्यांनी सुमारे सातशे वर्षांपूर्वी वाकड्या उसाचा आणि वाकलेल्या धनुष्याचा दाखला देऊन सांगितलेली गोष्ट आपण भजनात नित्य म्हणतो. वागण्यात मात्र तिचा मागमूस दिसत नाही.

विजेच्या गिटारीचा इतिहास या दृष्टीने मोठा बोधप्रद आहे. तिचा जन्म हौसेपोटी झाला नाही. अमेरिकेतील नृत्यगृहांत पितळी वाद्यांचे ताफे वाजू लागले तेव्हा त्यांच्या कोलाहलात गिटारीचा नाजूक स्वर बुडून जाई. वादक सर्वांसमवेत बसे, बोटे झिजवी. परंतु तो वाजवितो आहे हे शेजाऱ्यालाही कळत नसे. ही अडचण स्वतः सोसलेल्या जॉर्ज बोशॅम्प या वादकाने १९३१ च्या सुमारास तारांखाली लोहचुंबक आणि तांब्याच्या तारेचे वेटोळे बसविले. पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात कंप पावली की वेटोळ्यात तशीच स्पंदने असलेला क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो आणि ध्वनिवर्धक त्याचे मोठ्या नादात रूपांतर करतो. तत्त्व इतके साधे आहे. ओतीव ॲल्युमिनियमच्या त्या सुरुवातीच्या वाद्याला, त्याच्या वाटोळ्या अंगामुळे आणि लांब दांडीमुळे, लोकांनी थट्टेने ‘फ्राइंग पॅन’ म्हटले. म्हणजे ज्या वाद्याने पुढे जगाचे संगीत पालटले, त्याचे बारसे स्वयंपाकघरातील तव्याच्या नावाने झाले!

या एका युक्तीचा परिणाम दूरगामी ठरला. सतारीला भोपळा लागतो, तंबोऱ्याला तुंबा लागतो, साध्या गिटारीला पोकळ पेटी लागते. कारण तारेचा नाद त्या पोकळीत घुमल्यावाचून मोठा होत नाही. आवाज मोठा करण्याचे काम विजेने पत्करताच ती पोकळी अनावश्यक झाली आणि वाद्याचा आकार कारागिराच्या मर्जीवर सोपविला गेला. विजेच्या गिटारी बाणासारख्या, चौकोनी, विजेच्या लोळासारख्या का दिसतात, याचे उत्तर एवढेच आहे. त्यांच्या रूपावर नादाचे बंधन फारच थोडे उरले आहे.

परंतु बंधन सुटले तरी श्रोत्याच्या मनाची गाठ सुटत नाही. लेस पॉल या अमेरिकन वादकाने १९४० च्या सुमारास चार इंच जाडीच्या चौकोनी लाकडी ओंडक्यावर तारा ताणून गिटार केली आणि ती घेऊन तो श्रोत्यांपुढे गेला. लोकांनी तिच्याकडे पाठ फिरविली. तेव्हा त्याने एक साधी गिटार मधोमध कापून तिचे दोन अर्धगोल त्या ओंडक्याच्या दोन्ही अंगांना जोडले. नादात काडीचा फरक पडला नव्हता. पण गिटार गिटारीसारखी दिसू लागताच श्रोते खूष झाले. लोक डोळ्यांनी ऐकतात, हा निष्कर्ष पॉलने त्यातून काढला. रसिकतेची मिरासदारी सांगणाऱ्या प्रत्येकाने, आपल्याकडील बैठकींच्या जाणकारांनीही, ही गोष्ट मनाशी जपून ठेवावी.

पुढे जे नामांकित नमुने निघाले त्यांच्या मुळाशी बहुधा कुणाची तरी शारीरिक गरज आढळते. लिओ फेंडर हा रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नसे. त्याच्या १९५० च्या सपाट लाकडी गिटारीच्या कडा बरगड्यांना रुततात, अशी वादकांची तक्रार आली. त्याने ती ऐकून घेतली आणि १९५४ च्या ‘स्ट्रॅटोकास्टर’च्या कडा अंगाला लागतील तेथून तासून काढल्या. आज जगभर अनुकरण होणारा तो कमनीय आकार सौंदर्यशास्त्राच्या ग्रंथातून आलेला नाही. दुखऱ्या बरगड्यांतून आलेला आहे. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर या फर्निचर बनविणाऱ्या कल्पक माणसाने गिटारीच्या दांडीचे डोकेच छाटले आणि खुंट्या खालच्या टोकाला नेऊन बसविल्या. प्रथमदर्शनी हा विक्षिप्तपणा वाटेल. परंतु जड डोक्यामुळे वाद्य एका बाजूला झुकते आणि तासन् तास वाजविणाऱ्याचा डावा खांदा भरून येतो, हे ज्याने अनुभवले असेल त्याला त्या मुंडक्याविना वाद्यातील शहाणपण तत्काळ उमगेल.

याच्या उलट उदाहरणेही आहेत. १९५८ साली गिब्सन या जुन्या कंपनीने, आपल्यावर जुनाटपणाचा शिक्का बसतो आहे म्हणून, बाणाच्या टोकासारखी ‘फ्लाइंग व्ही’ ही गिटार बाजारात आणली. दुकानाच्या काचेत ती शोभली. पण बसून वाजवू जावे तर मांडीवरून घसरे. पहिल्या दोन वर्षांत शंभर नगही खपले नाहीत. पुढे अल्बर्ट किंग या डावऱ्या कृष्णवर्णीय वादकाने तीच गिटार उलटी धरून असे काही वाजविले की त्या आकाराला प्रतिष्ठा आली. आकाराने वादकाला मोठे केले नाही. वादकाने आकाराला मोठे केले. पाच दांड्यांची गिटार, हृदयाच्या आकाराची तीन दांड्यांची गिटार असलेही प्रकार रंगमंचावर येऊन गेले. त्यांत गंमत आहे, करमणूक आहे, आणि तेवढी मान्य करण्यास हरकत नाही. परंतु माणसाला हात दोनच असतात, हे सत्य कोणत्याही कारखान्याला बदलता आलेले नाही.

आता ही वाद्ये वाजविणाऱ्यांविषयी. आमच्या किनारपट्टीवरील हिंदू घरांत रॉक संगीताविषयी जी अढी आहे तिला कारण आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. साठोत्तरी काळात कळंगुट आणि हणजूणच्या किनाऱ्यांवर हिप्पींचे तांडे उतरले, तेव्हा अनेक गोमंतकीयांना विजेच्या गिटारीचा परिचय गांजाच्या धुराबरोबरच झाला. वाद्य आणि व्यसन यांची जी सांगड तेव्हा मनात बसली ती अद्याप सुटलेली नाही. त्यात भर म्हणून गिटार ही आपल्याकडे ख्रिस्ती बांधवांची, चर्चच्या शाळेत शिकलेल्यांची, अशी एक समजूत. व्यसनाने त्या क्षेत्रातील मोठमोठे गुणी लोक गिळले, हेही सत्य आहे. जिमी हेंड्रिक्स १९७० साली वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्या नाशाचे उदात्तीकरण करणाऱ्यांशी आमचे मतैक्य होणे कदापि शक्य नाही.

तसेच वाद्य मोडण्याच्या प्रथेचे. १९६४ साली लंडनच्या उपनगरातील एका ठेंगण्या सभागृहात पीट टाउनशेंड या वादकाच्या गिटारीचे टोक छताला आदळून मोडले. लोकांना त्याचे कौतुक वाटलेले पाहून त्याने पुढे गिटारी मोडण्याचा परिपाठच ठेवला. हेंड्रिक्सने १९६७ साली मॉंटेरे येथील महोत्सवात भर रंगमंचावर गिटार पेटविली. त्यामागे संतप्त पिढीचे तत्त्वज्ञान होते, असे विद्वान सांगतात. असेल. परंतु ज्या घरात खंडेनवमीला नांगरापासून तराजूपर्यंत आणि तबल्यापासून तंबोऱ्यापर्यंत प्रत्येक साधनाला गंधफूल वाहिले जाते, तेथे हे तत्त्वज्ञान पचणार नाही, आणि ते पचविण्याचा आग्रह कुणी धरू नये. विशेष हे की, याच परंपरेच्या आद्य पुरुषांपैकी एक असलेल्या बी. बी. किंग यांचे वर्तन नेमके उलटे होते. १९४९ साली आर्कान्सा राज्यातील एका खेड्यात नृत्यगृहाला आग लागली असता बाहेर निसटलेले किंग आपली गिटार आत राहिली म्हणून जळत्या इमारतीत परत शिरले. ज्या स्त्रीवरून झालेल्या भांडणात ती आग लागली तिचे नाव लुसिल होते. असा अविचार पुन्हा घडू नये याची आठवण म्हणून त्यांनी त्या गिटारीचे नाव ‘लुसिल’ ठेवले आणि पुढच्या प्रत्येक गिटारीला तेच नाव दिले. वाद्यपूजा केवळ आपल्याकडेच होते, असा अहंकार बाळगण्याचे कारण नाही.

आणखी एक उदाहरण देण्याचा मोह आवरत नाही. बर्मिंगहॅमचा टोनी आयोमी हा सतरा वर्षांचा कामगार १९६५ साली पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली सापडला आणि त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची अग्रे तुटली. तो डावरा असल्यामुळे तारा दाबण्याचा हात तोच. वादनाला तो मुकला, असे सर्वांनी गृहीत धरले. तेव्हा कारखान्यातील त्याच्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्टची ध्वनिमुद्रिका ऐकविली. आगीत हात भाजून दोन बोटे निकामी झाल्यावरही अपूर्व वाजविणारा हा फ्रान्समधील वादक. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे केली, दुखऱ्या बोटांना झेपतील अशा पातळ तारा लावल्या, पुढे त्या खालच्या पट्टीत उतरविल्या. त्या सैल तारांतून जो गंभीर, जड नाद निघाला त्यातून ‘ब्लॅक सॅबथ’ या वृंदाचे आणि पुढे ‘हेवी मेटल’ नावाच्या साऱ्या संप्रदायाचे संगीत जन्मास आले. ज्या आवाजाला आमचे बुजुर्ग आसुरी म्हणून हिणवितात त्याच्या मुळाशी एका जखमी कामगाराची चिकाटी आहे. तो आवाज आवडावा असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याचा जन्म ठाऊक झाल्यावर त्याला हिणविणे निदान अवघड जावे.

‘क्वीन’ या वृंदाचा ब्रायन मे हाही असाच. वडील विद्युत्-अभियंते, गिटार विकत घेण्याची ऐपत नाही. १९६३ पासून बापलेकांनी मिळून घरीच गिटार घडविली. दांडीला शंभराहून अधिक वर्षांच्या जुन्या शेकोटीच्या चौकटीचे लाकूड, स्वर हलविण्याच्या कळीला जुन्या मोटारसायकलच्या झडपांच्या स्प्रिंगा, आणि बापाचा अभ्यास व मुलाचे कष्ट. हीच गिटार घेऊन तो २००२ साली बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभा राहिला, आणि मधली तीन दशके बाजूस पडलेला खगोलभौतिकीचा प्रबंध पूर्ण करून २००७ साली त्याने पीएच.डी. मिळविली. त्याचा सहकारी फ्रेडी मर्क्युरी म्हणजे मूळचा फरोख बलसारा. झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा, आमच्या महाराष्ट्रातील पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला. तेथेच त्याने शाळासोबत्यांसह पहिला वाद्यवृंद उभा केला. ज्या संगीताला आपण सातासमुद्रांपलीकडचे म्हणून दूर लोटतो त्याची एक मुळी सह्याद्रीच्या माथ्यावर रुजली होती, ही गोष्ट किती जणांच्या गावी आहे?

परक्या वाद्यांना आपल्या मातीत रुजविण्याचे काम तर आपल्या लोकांनी कितीतरी वेळा केले आहे. हार्मोनियमचा जन्म पॅरिसचा, साल १८४०. तिला मींड साधत नाही, श्रुती साधत नाहीत, म्हणून १९४० पासून १९७१ पर्यंत आकाशवाणीने तिला दाराबाहेर उभे केले. तथापि मराठी नाट्यसंगीत आणि देवळातील भजन यांची हार्मोनियमवाचून कल्पना तरी करवते काय? आज ज्या पेटीवर हात ठेवून आपण विठ्ठलाला आळवितो तिच्या परदेशी कुळाची चौकशी कुणी करीत नाही. मिरवणुकीत कर्ण्यातून घुमणारा आपला ‘बेंजो’ घ्या. कळा दाबून वाजणारे ते वाद्य जपानमधील नागोया येथे १९१२ साली निघालेल्या ‘ताइशोगोतो’चे वंशज आहे. त्याला विजेची जोड देऊन मुंबई-कोकणच्या कारागिरांनी आणि पोरांनी त्याला गणपतीच्या वाटेवर आणून सोडले. बेंजो पथकात बेभान होऊन नाचणाऱ्या ज्या सज्जनांना विजेची गिटार खटकते त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की, त्यांच्यापुढे वाजते आहे ते तिचेच चुलत भावंड आहे.

दक्षिणेत यू. श्रीनिवास या तेलुगू मुलाने विजेच्या मॅंडोलिनवर कर्नाटक संगीत वाजविले. मॅंडोलिनला जोडतारा असतात. त्यांवर गमक घेणे दुरापास्त. त्याने जोडतारा काढून पाच एकेरी तारा ठेवल्या, आणि ज्या वाद्याला पंडितांनी खेळणे म्हटले असते त्यातून कीर्तने, कृती नि रागविस्तार असे काही प्रकटले की १९९८ साली राष्ट्राने त्याला ‘पद्मश्री’ दिली. २०१४ साली अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी तो निवर्तला. जयपूरच्या विश्वमोहन भट्टांनी गिटारीला चिकारीच्या व तरफेच्या तारा चढवून ‘मोहनवीणा’ केली. १९९४ साली त्यांना ग्रॅमी पारितोषिक लाभले. उलट दिशेचा प्रवासही पाहण्यासारखा आहे. विजेच्या दोन दांड्यांच्या गिटारीने जग गाजविलेला जॉन मॅक्लॉफ्लिन भारतीय संगीताकडे वळला, तेव्हा त्याने आपल्या गिटारीच्या पडद्यांमधील लाकूड खोलगट कोरून घेतले, कारण वीणेप्रमाणे तार ओढून मींड घेण्यास ते आवश्यक होते. त्याच्या ‘शक्ती’ वृंदाला २०२४ साली ग्रॅमी मिळाले. घेणे आणि देणे असे दोन्ही बाजूंनी चालते. आपण नुसतेच उसनवार आहोत, असा न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही.

देण्याचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. परदेशी गिटारीवर बोटे फिरतात ती पुष्कळदा आमच्याच शिसवावर. सह्याद्रीच्या जंगलांतील ज्या काळसर, घट्ट लाकडाचे पलंग आणि पेटारे आमच्या जुन्या घरांत आहेत, तेच लाकूड जगातील असंख्य गिटारींच्या दांडीवर पट्टी म्हणून बसते. तोड इतकी वाढली की २०१७ च्या आरंभी आंतरराष्ट्रीय करारान्वये साऱ्या शिसववर्गीय वृक्षांच्या व्यापारावर नियंत्रण आले. तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस त्यातून सूट मिळाली. नाद त्यांचा आणि लाकूड आमचे, हा हिशेब रॉक संगीताच्या भक्तांनी आणि निंदकांनीही मांडून पाहावा.

आता आमच्या घुमटाकडे वळू. मातीच्या दुतोंडी घटाला एका बाजूस घोरपडीचे कातडे ताणून केलेले हे वाद्य गोव्यात देवळाच्या सुवारीत वाजते, घरच्या गणपतीच्या आरतीत वाजते आणि ख्रिस्ती बांधवांच्या मांड्यातही तितक्याच मानाने वाजते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले आणि घुमटावर संकट आले. तो जुना नाद आता ऐकू येणार नाही, म्हणून अनेकांनी शोक केला. परंतु कारागिरांनी बकऱ्याचे कातडे वापरून मार्ग काढला. २०१९ साली गोवा सरकारने घुमटाला राज्याचे वारसा वाद्य म्हणून घोषित केले. वाद्य टिकले ते का? त्याने आपले रूप गरजेपुरते बदलण्याची तयारी दाखविली म्हणून. परंपरा म्हणजे गोठलेला आकार नव्हे, हे आमच्या अडाणी समजल्या जाणाऱ्या कारागिरांना पंडितांपेक्षा आधी कळले.

हैदराबादच्या त्या किन्नेराची थोरवी आता ध्यानात येईल. बांबूची दांडी, वाळविलेल्या भोपळ्यांचे घुमारे आणि मेणाने चिकटविलेल्या बारा पायऱ्या, म्हणजे पडदे. रूपाच्या विलक्षणतेत अमेरिकेच्या कोणत्याही बाणाकृती गिटारीने तिच्यापुढे हार मानावी. तिचे कुळ आमच्याच घरचे आहे. तेराव्या शतकात यादवांच्या आश्रयाने देवगिरीस शार्ङ्गदेवाने जो ‘संगीतरत्नाकर’ रचला त्यात किन्नरी वीणेचे वर्णन आहे. आणि हे देवगिरी साऱ्या मराठवाड्यासह १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होते. मराठी मुलखात दारोदार फिरणाऱ्याच्या खांद्यावरची किंगरी ही तिचीच गरीब बहीण. अशा वाद्याचा धनी, ज्याच्या आवाजाने २०२१ साली एका तेलुगू चित्रपटाचे शीर्षकगीत घरोघरी पोहोचले, तो वृद्धापकाळी सिमेंटच्या धुळीत राबत होता. सरकारने त्यांना एक कोटी रुपये दिले होते. त्यातील रक्कम मुलांच्या लग्नात आणि जागेत खर्च झाली, आणि दरमहाचे दहा हजारांचे मानधन बंद पडले, असे त्यांनी स्वतः सांगितले. वृत्त छापून आल्यावर मदतीची आश्वासनेही मिळाली.

कोटीची रक्कम उधळली, असे म्हणून हात झटकणारे निघतील. त्यांना आमचे उत्तर असे की, कलावंताला एकदम मिळालेला पैसा हा कौतुकाचा असतो. त्याला हवे असते ते नित्याचे काम. महाराष्ट्रात मिरजेकडे पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यातील फरीदसाहेब आणि त्यांच्या आप्तांनी, शस्त्रांना गिऱ्हाईक उरले नाही तेव्हा, तंबोरे आणि सतारी घडविण्यास आरंभ केला. भोपळे पंढरपूरच्या बाजूचे, कसब हत्यारे घडविणाऱ्यांचे, आणि गिऱ्हाईक गवयांचे. ही साखळी दीडशेहून अधिक वर्षे अखंड राहिली आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. तेथे भोपळा पिकविणाऱ्यापासून खुंटी कातणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला काम होते. किन्नेराभोवती अशी साखळी कुणी उभी केली नाही. एका माणसाला शाल, श्रीफळ आणि पदक दिले की कला वाचली, अशी जी सोयीस्कर समजूत राज्यकर्त्यांनी आणि आपणही करून घेतली आहे तिचा हा परिणाम होय.

गोव्याने यापासून वेळीच बोध घ्यावा. घुमटाला वारसा वाद्याचा मान देऊन सरकार थांबले, तर घुमटाचीही किन्नेरा होण्यास उशीर लागणार नाही. घट घडविणाऱ्या कुंभाराला योग्य माती मिळते काय, त्याचा मुलगा चाकावर बसण्यास तयार आहे काय, कातडे चढविणाऱ्याची मजुरी त्याच्या दिवसाच्या कष्टाशी जुळते काय, हे प्रश्न समारंभातील भाषणांत येत नाहीत. परंतु वाद्याचे आयुष्य त्यांवरच अवलंबून असते. प्रत्येक शाळेने वर्षाला दोन घुमट स्थानिक कारागिराकडून रोख दामाने विकत घ्यावेत. वृद्ध वादकांना अनुदानाची भीक न घालता शिकविण्याचे वेतन द्यावे. चतुर्थीला कर्ण्यांच्या भिंतीवर होणाऱ्या खर्चाचा एक दशांश तरी गावच्या वादकांसाठी राखावा. यांतील एकाही गोष्टीला कायद्याची वा मोठ्या निधीची गरज नाही. गरज आहे ती इच्छेची.

आणि आमच्या तरुण वाचकांना एक विनंती. तुमच्या हातातील विजेच्या गिटारीला आमचा विरोध नाही. उलट ती कुणाच्या बरगड्यांसाठी तासली गेली, कुणाच्या तुटक्या बोटांसाठी तिच्या तारा सैलावल्या, हे जाणून घ्या. म्हणजे काचेतील आकाराला भुलून बापाचे पैसे खर्च करण्याची पाळी येणार नाही. ब्रायन मेने शेकोटीच्या लाकडातून वाद्य घडविले. तुमच्या घरी पडवीत जुन्या शिसवाचा पलंग पडला असेल, वाड्यात सुतार असेल आणि वेलावर भोपळा लटकत असेल. विलायतेच्या चित्रपत्रकातील नमुन्याची नक्कल करण्यापेक्षा त्यांतून काही घडवून पाहा. घुमटाच्या पोटात चुंबक बसवून पाहण्याची बुद्धी उद्या एखाद्या पोराला झाली, तर आम्ही त्याला पाखंडी म्हणणार नाही. वडीलधाऱ्यांनीही म्हणू नये. नाद चांगला निघाला तर तो टिकेल, न निघाला तर विरून जाईल. त्याचा निवाडा काळ करील आणि तो कानांनीच करील.

वाद्याचे रूप कसे असावे, हे हाताची गरज ठरविते. वादकाला समाजात कोणते स्थान असावे, हे मात्र आपण ठरवितो. पहिली गोष्ट जगभरच्या कारागिरांनी आपापल्या परीने उत्तम निभावली आहे. दुसरीत आपण कोठे आहोत, ते तुर्कयमजालच्या त्या छायाचित्रात स्पष्ट दिसले. ते छायाचित्र आता जुने झाले. परंतु तसे दुसरे छायाचित्र आपल्या गावात काढण्याची वेळ कुणावर येऊ नये, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.